टूरिंग मोटारसायकलचे घरगुती विद्युत फेरबदल

टूरिंग मोटारसायकलचे घरगुती विद्युत फेरबदल म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलचे दिवे, वायरिंग आणि ध्वनियंत्रणा यांत मालकाने अधिकृत सेवा केंद्राबाहेर, स्वतःच्या हाताने केलेले बदल होत. जादा दिवे बसवणे, मूळ बल्बच्या जागी एलईडी लावणे, हेडलाइटसाठी रिले आणि जाड वायर टाकणे, मोबाइल चार्जिंगची सोय करणे, हॉर्न बदलणे आणि हेल्मेटमध्ये अथवा गाडीवर स्पीकर बसवणे ही त्यांतील नेहमीची कामे आहेत. मुंबई उपनगर जिल्ह्यात, विशेषतः अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या भागांत, ही कामे बहुधा गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील पार्किंगमध्ये रविवारच्या सुट्टीत केली जातात. दिसायला ही हौस असली तरी रात्रीच्या घाटात दिवा चालू राहणे, समोरच्या वाहनचालकाचे डोळे न दिपणे आणि वायर तापून आग न लागणे या तीन गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात.

पार्श्वभूमी

भारतात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लांबच्या प्रवासासाठी प्रामुख्याने एन्फील्ड बुलेट आणि जावा-येझदी या मोटारसायकली वापरल्या जात. त्या काळातील गाड्यांची विद्युत यंत्रणा साधी होती. डायनॅमो किंवा मॅग्नेटो, एक लहान बॅटरी, हेडलाइट, मागचा दिवा आणि हॉर्न एवढाच तिचा पसारा असे, आणि सगळे वायरिंग एका माणसाला डोळ्यांनी तपासता येत असे. १९८० च्या दशकात आलेल्या १०० सीसी जपानी तंत्राच्या गाड्यांपैकी अनेकींत हेडलाइट बॅटरीवर न चालता थेट कॉइलच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालत असे. त्यामुळे इंजिनाचा वेग कमी झाला की दिवा मंदावे. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेताना, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी, प्रकाश कमी होई. हेडलाइट बॅटरीवर आणणे, ज्याला कारागीर 'डीसी करणे' म्हणतात, हा फेरबदल याच अडचणीतून रूढ झाला.

बजाज ऑटोची २००१ मधील पल्सर आणि हीरो होंडाची २००३ मधील करिझ्मा यांच्यानंतर शहरातील नोकरदार वर्गात मोटारसायकलवरून दूरच्या सहली करण्याचे प्रमाण वाढले. पल्सर २२० च्या २००७ मधील आवृत्तीत प्रोजेक्टर हेडलाइट होता. पुढे रॉयल एन्फील्ड हिमालयन (२०१६), डॉमिनार ४०० (२०१६) आणि केटीएम ३९० ॲडव्हेंचर (२०२०) अशा प्रवासासाठीच आखलेल्या गाड्या आल्या. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींवर हेडलाइट कायम चालू ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली आणि हेडलाइट बंद करण्याचे बटण गेले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांमुळे इंधन अंतःक्षेपण आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण एकक जवळपास सर्व गाड्यांत आले. या दोन बदलांमुळे गाडीची स्वतःची विजेची गरज वाढली आणि जादा उपकरणांसाठी उरणारी वीज कमी झाली. जुन्या बुलेटवर चालून जाणारी ढिलाई नव्या गाडीवर चालत नाही.

मुंबई उपनगरातील स्वरूप

मुंबईतून बाहेर पडण्याचे अनेक वेगवान मार्ग दुचाकींना बंद आहेत. वांद्रे–वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग यांवर मोटारसायकलला प्रवेश नाही. बोरिवलीचा मोटारसायकलस्वार घोडबंदर रस्त्याने ठाण्याकडे किंवा अहमदाबाद महामार्गाने उत्तरेकडे जातो. मुलुंडचा स्वार ऐरोली पुलावरून नवी मुंबईत उतरतो, तर घाटकोपरचा स्वार वाशीच्या खाडीपुलावरून पनवेल गाठतो. पुण्याला जाण्यासाठी जुना महामार्ग, नाशिककडे कसारा घाट, नगर जिल्ह्याकडे माळशेज घाट आणि गोव्याकडे राष्ट्रीय महामार्ग ६६ हे नेहमीचे रस्ते आहेत. गर्दी टाळण्यासाठी पहाटे तीन-चार वाजता निघण्याची पद्धत असल्याने प्रवासाचा पहिला टप्पा बहुधा अंधारातच पार पडतो.

उपनगरातील रस्त्यांवर रात्रभर दिवे असतात. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती महामार्गांवर हेडलाइट अर्ध्या क्षमतेने चालत असला तरी स्वाराला ते जाणवत नाही. दिव्याचा कमकुवतपणा लक्षात येतो तो शहापूरच्या पुढे किंवा पेणनंतर, जेथे रस्त्याच्या दिव्यांची साथ संपलेली असते आणि दुरुस्तीची सोय नसते. यामुळे नव्या दिव्यांची चाचणी आरे वसाहतीतून जाणाऱ्या झाडीच्या रस्त्यावर किंवा घोडबंदर रस्त्याच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या भागात घेण्याची प्रथा आहे.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, उपकरणे आणि इलेक्ट्रॉनिक घटकांसाठी ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड आणि किरकोळ सामानासाठी स्थानिक ऑटो इलेक्ट्रिशियनची दुकाने यांवर उपनगरातील हौशी मंडळी अवलंबून असतात. स्वतंत्र गॅरेज क्वचितच कोणाकडे असते. काम इमारतीच्या खांबांमधल्या जागेत, शेजारच्या गाड्यांना धक्का न लावता आणि तास-दोन तासांच्या तुकड्यांत करावे लागते. या मर्यादेचा कामाच्या प्रतीवर परिणाम होतो. घाईत पिळून टेप गुंडाळलेला जोड हा उपनगरी फेरबदलातला सर्वाधिक आढळणारा दोष आहे.

विजेचा हिशेब

कोणतेही जादा उपकरण बसवण्यापूर्वी गाडीची कॉइल किती वीज निर्माण करते आणि त्यातली किती आधीच खर्च होते हे पाहावे लागते. उदाहरणादाखल, पूर्ण वेगात २०० वॅट निर्माण करणाऱ्या गाडीत हेडलाइटला सुमारे ६० वॅट, इंधन पंप व अंतःक्षेपण यंत्रणेला ५० ते ६० वॅट, आणि प्रज्वलन, मागचा दिवा, मीटर यांना मिळून ३० ते ४० वॅट लागले, तर बॅटरी भरण्यासह इतर सर्व गोष्टींसाठी जेमतेम ५० वॅट उरतात. प्रत्येकी २० वॅटचे दोन दिवे आणि एक वेगवान मोबाइल चार्जर लावला की हा हिशेब संपतो.

हा आकडाही इंजिन चांगल्या फेऱ्यांत चालत असतानाचा आहे. गाडी उभी राहून इंजिन मंद चालत असताना निर्मिती बरीच खाली येते. अंधेरी–कुर्ला रस्त्यावर किंवा घोडबंदरच्या कोंडीत तासभर अडकलेली, सर्व दिवे चालू असलेली मोटारसायकल बॅटरी भरत नसते, तर रिकामी करत असते. अशा वेळी जादा दिवे बंद करता यावेत म्हणून हँडलवर स्वतंत्र बटण असणे आवश्यक ठरते.

बॅटरीची अवस्था मल्टिमीटरने समजते. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळपास अर्धी उतरली आहे. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. १३ च्या खाली राहिल्यास निर्मिती अपुरी आहे आणि १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडला आहे, असा निष्कर्ष काढता येतो. मोटारसायकलींत सर्रास आढळणाऱ्या शंट प्रकारच्या रेग्युलेटरमध्ये न वापरलेली वीज उष्णतेत जाते. त्यामुळे एलईडी लावून वाचवलेल्या विजेने इंधनात फरक पडत नाही, मात्र ती दुसऱ्या उपकरणाला वापरता येते.

चावी बंद असतानाही काही उपकरणे थोडा प्रवाह ओढत राहतात. थेट बॅटरीला जोडलेल्या यूएसबी चार्जरने १० मिलिॲम्पिअर ओढले तर दिवसाला ०.२४ आणि महिन्याला सुमारे ७.२ ॲम्पिअर-तास खर्च होतात. ८ ॲम्पिअर-तासाची बॅटरी एवढ्याने रिकामी होते. आठवड्याचे सहा दिवस लोकलने प्रवास करणाऱ्या आणि फक्त सुट्टीत गाडी काढणाऱ्या मालकांना 'बॅटरी टिकत नाही' हा जो अनुभव येतो, त्याचे कारण पुष्कळदा बॅटरीत नसून या जोडणीत असते. २०२० च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांत हा दोष ठळकपणे दिसला. चार्जर चावीनंतरच्या वायरवरून किंवा रिलेमार्फत घेतल्यास प्रश्न उरत नाही.

वायरिंग

फेरबदलाचा खरा कस दिव्यात नसून वायरिंगमध्ये असतो. सर्वांत धोकादायक आणि दुर्दैवाने सर्वांत सोपी पद्धत म्हणजे जादा दिव्याची वायर हेडलाइटच्या वायरला पिळून जोडणे. कंपनीची वायर आणि हँडलवरचा डिपर स्विच एका बल्बच्या, म्हणजे सुमारे ५ ॲम्पिअरच्या, प्रवाहाचा विचार करून बसवलेला असतो. त्यावर आणखी ३-४ ॲम्पिअर टाकले की स्विचमधील संपर्कबिंदू तापतात, प्लॅस्टिक मऊ होते आणि काही आठवड्यांनी स्विच जळतो. तो जळतो तेव्हा जादा दिव्यांबरोबर मूळ हेडलाइटही जातो. घाटातल्या वळणावर एकाएकी पूर्ण अंधार होण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

यावरील उपाय म्हणजे रिले. रिलेच्या तळाशी ३०, ८५, ८६ आणि ८७ हे आकडे छापलेले असतात. ३० क्रमांकाला बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूजमार्फत आलेली जाड वायर, ८७ ला दिव्याकडे जाणारी वायर, ८५ ला अर्थ आणि ८६ ला हँडलवरील बटणाकडून येणारी बारीक वायर जोडली जाते. बटणातून केवळ रिलेच्या वेटोळ्यापुरता, म्हणजे साधारण पाव ॲम्पिअरच्या आतला, प्रवाह जातो आणि दिव्याचा भार रिले उचलतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत बसवावा लागतो, कारण फ्यूज आणि बॅटरी यांमधील वायरीला कोणतेच संरक्षण नसते. प्रत्येकी २० वॅटच्या दोन दिव्यांना ५ ॲम्पिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणे, म्हणजे वायरीलाच फ्यूज बनवणे होय.

रिलेला इशारा कोठून द्यावा याबाबत दोन पद्धती आहेत. हेडलाइटच्या वायरवरून इशारा घेतल्यास हेडलाइट गेला की जादा दिवेही जातात. चावीनंतरच्या स्वतंत्र वायरवरून घेतल्यास हेडलाइटचा फ्यूज उडाला तरी जादा दिवे चालू राहतात आणि गाडी रस्त्याकडेला सुरक्षित घेता येते. प्रवासी गाडीसाठी दुसरी पद्धत अधिक श्रेयस्कर आहे. दूरवर झोत टाकणाऱ्या दिव्यांचा इशारा मात्र हेडलाइटच्या अप्पर वायरवरून घेणे इष्ट. त्यामुळे समोरून वाहन आल्यावर डिपर दिला की तेही आपोआप विझतात.

वायरीची जाडी हा दुर्लक्षित विषय आहे. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०३४ ओहम असतो. बॅटरीपासून हेडलाइटपर्यंत जाऊन-येऊन ४ मीटर वायर धरली आणि ५५ वॅटचा बल्ब ४.६ ॲम्पिअर ओढतो असे मानले, तर वाटेतच ०.६ व्होल्टपेक्षा अधिक दाब खर्च होतो. तंतूच्या बल्बचा प्रकाश दाबाच्या तुलनेत फार वेगाने घटतो. त्यामुळे दाब ५ टक्क्यांनी कमी झाल्यावर प्रकाश साधारण सहाव्या हिश्शाने उतरतो. १.५ चौरस मिलिमीटरची वायर वापरल्यास हीच घट ०.२ व्होल्टवर येते. नवा महागडा बल्ब घेण्याआधी मूळ बल्बच्या टोकांवरील दाब मोजला, तर पुष्कळांना बल्ब बदलण्याची गरज उरणार नाही.

वायरींचे रंग कंपनीगणिक बदलतात. होंडा आणि हीरोच्या बहुतेक गाड्यांत हिरवी वायर अर्थची आणि काळी वायर चावीनंतरच्या धन प्रवाहाची असते. यामाहात काळी वायर अर्थची आणि तपकिरी वायर चावीनंतरची असते. एका गाडीवर शिकलेला हात दुसऱ्या गाडीवर रंगाच्या भरवशावर चालवला की शॉर्टसर्किट होते. प्रत्येक वायर मल्टिमीटरने किंवा टेस्ट लॅम्पने तपासूनच जोडली जाते. बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी काढतात आणि जोडताना शेवटी लावतात. याचे कारण असे की ऋण टोक चॅसिसला जोडलेले असते. ते जागेवर असताना धन टोकाचा नट सोडवणारा पाना चॅसिसला टेकला, तर बॅटरीचा पूर्ण प्रवाह पान्यातून वाहतो.

जोडांबाबत कारागिरांत जुना वाद आहे. सोल्डर केलेला जोड विजेच्या दृष्टीने उत्तम असतो. मात्र सोल्डर वायरीच्या धाग्यांत झिरपून जेथे संपते तेथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या हादऱ्यांनी नेमकी तेथेच तुटते. योग्य पक्कडीने दाबलेले टर्मिनल आणि त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी हा उपाय हादऱ्यांना अधिक टिकतो. सोल्डर केल्यास जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून तिला हलू न देणे आवश्यक असते. काळ्या टेपचा गोंद मुंबईच्या उष्ण व दमट हवेत वर्ष-दोन वर्षांत पाझरतो आणि टेप सुटते. टेप ही जोडावरचे आवरण म्हणून नव्हे, तर वायरींची जुडी बांधण्यापुरतीच वापरणे योग्य.

वायर नेण्याच्या मार्गात तीन जागा अडचणीच्या असतात. हँडलच्या मानेजवळ वायर ढिली ठेवून, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ताण येतो का ते पाहतात. टाकीखाली ती इंजिनाच्या डोक्यापासून दूर बांधतात. सीटखाली सीटच्या पत्र्याची धार वायरीवर बसणार नाही याची खात्री करतात. तिसऱ्या जागेतील चूक महिनोन्‌महिने लपून राहते. एकटा स्वार बसलेला असताना काहीच होत नाही. मागे माणूस आणि सामान बसले, खड्ड्यात सीट दबली की वायरीचे आवरण कापले जाते.

पावसाळा

मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन सप्टेंबर अखेरपर्यंत राहतो, आणि उपनगरी मोटारसायकलस्वारांच्या सहलींचा मुख्य हंगामही हाच असतो. त्यामुळे येथील वायरिंगची परीक्षा पाण्यानेच होते. कपलरमध्ये शिरलेले पाणी वाळून गेले तरी खाऱ्या हवेमुळे पितळी टोकांवर हिरवट थर मागे राहतो. त्या थरामुळे रोध वाढतो, रोधामुळे जोड तापतो आणि तापल्यामुळे थर अधिक वाढतो. ऑक्टोबरमध्ये उद्भवणाऱ्या अनेक बिघाडांचे मूळ जुलैत असते.

दिव्याच्या किंवा रिलेच्या डब्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोल दिला, तर तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते. रिले टोके खाली येतील असा उभा बसवला जातो. कपलरमध्ये सिलिकॉन ग्रीस आणि बॅटरीच्या टोकांवर व्हॅसलीन लावण्याची पद्धत आहे. उपकरणावर आयपी ६७ असे लिहिलेले असल्यास ते १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकते असा अर्थ होतो. गाडी धुण्याच्या केंद्रातील दाबाच्या फवाऱ्याचा त्या हमीत समावेश नसतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि उपनगरांतील असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अंधेरी आणि मिलन भुयारी मार्गांत त्यानंतरही अनेक पावसाळ्यांत पाणी भरत आले आहे. बुडालेल्या मोटारसायकलची चावी फिरवून 'चालू होते का' पाहणे ही स्वाभाविक पण महागात पडणारी चूक आहे. सीटखालील नियंत्रण एककात पाणी असताना त्याला वीज मिळाली की ते कायमचे निकामी होऊ शकते. आधी बॅटरीचे ऋण टोक सोडवणे, मग कपलर उघडून वाळवणे हा क्रम पाळला जातो.

प्रकाशयोजना

हेडलाइटचा परावर्तक विशिष्ट जागी असलेल्या तंतूसाठी घडवलेला असतो. एच ४ प्रकारच्या ६०/५५ वॅट बल्बमध्ये लोअरच्या तंतूखाली धातूची लहान वाटी असते. तिच्यामुळे प्रकाशाला वरून स्पष्ट कड मिळते. त्याच खाचेत बसणारा एलईडी बल्ब लावल्यास प्रकाशाचा उगम काही मिलिमीटरनी सरकतो. ही कड पुसट होते आणि उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्वाराला गाडीसमोरचा भाग पांढराशुभ्र दिसल्याने दिवा सुधारल्याचा भास होतो, प्रत्यक्षात लांबचा प्रकाश घटलेला असू शकतो. १००/९० वॅटचा बल्ब हा दुसरा प्रचलित पर्याय ८ ॲम्पिअरहून अधिक प्रवाह ओढतो. प्लॅस्टिकचा परावर्तक त्याच्या उष्णतेने काळवंडतो.

पिवळा प्रकाश धुके भेदतो, अशी समजूत आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने पुष्कळ मोठे असल्याने ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्या दिव्याचा फायदा इतकाच की निळसर भाग नसल्याने परतून येणारा प्रकाश डोळ्यांना कमी खुपतो. माळशेजच्या धुक्यात उपयोग होतो तो दिव्याच्या जागेचा आणि आकाराचा. लेगगार्डवर खाली बसवलेला, रुंद पण सपाट झोत टाकणारा दिवा रस्त्याची कड दाखवतो, तर हँडलवर उंच बसवलेला झोत समोर पांढरी भिंत उभी करतो.

दिव्याचा कोन जुळवण्यासाठी इमारतीची कुंपणभिंत पुरते. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सपाट जागी उभी करून दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखतात आणि लोअरची वरची कड त्या रेषेच्या सुमारे ५ सेंटिमीटर खाली आणतात, म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटरचा उतार होतो. ही जुळणी स्वार गाडीवर बसलेला असताना आणि मागे प्रवासाचे सामान बांधून करावी लागते. मागचे सस्पेन्शन दबले की पुढचा झोत वर उचलला जातो. रिकाम्या गाडीवर अचूक जुळवलेला दिवा भरलेल्या गाडीवर ट्रकचालकाच्या डोळ्यांत जातो.

इंडिकेटरचे बल्ब काढून एलईडी लावल्यास ते अतिवेगाने लुकलुकू लागतात, कारण जुना फ्लॅशर भार कमी झाल्याचा अर्थ 'बल्ब गेला' असा घेतो. मिनिटाला ६० ते १२० वेळा ही योग्य गती समजली जाते. समांतर रोधक लावून भार वाढवणे हा एक उपाय आहे, पण रोधक चांगलाच तापतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवणे अधिक सरळ. चारही इंडिकेटर एकत्र लुकलुकवण्याची सोय उभ्या, बिघडलेल्या गाडीसाठी असते. पावसात किंवा बोगद्यात चालत्या गाडीवर ती चालू ठेवण्याची मुंबई परिसरातील सवय घातक आहे, कारण त्यामुळे स्वार कोणत्या बाजूला वळणार हे मागच्याला कळत नाही.

ध्वनियंत्रणा

होंडा गोल्ड विंग आणि हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या टूरिंग गाड्यांवर कंपनीनेच बसवलेली ध्वनियंत्रणा असते. भारतीय मध्यम क्षमतेच्या गाड्यांवर तिची नक्कल करताना दोन अडचणी येतात. पहिली विजेची. बॅटरीच्या १४.४ व्होल्टवर चालणारा, दाब वाढवण्याची सोय नसलेला ॲम्प्लिफायर ४ ओहमच्या स्पीकरला सुमारे २६ वॅटपेक्षा अधिक शुद्ध ध्वनिशक्ती देऊ शकत नाही. खोक्यावरचे शेकडो वॅटचे आकडे जाहिरातीपुरते असतात. दुसरी अडचण वाऱ्याची. ताशी १०० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत केवळ वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. त्यावर मात करण्याइतका मोठा आवाज रस्त्यावरच्या इतरांना असह्य आणि स्वाराच्या कानांना हानिकारक ठरतो.

त्यामुळे उपनगरांतील स्वारांचा कल हेल्मेटमधील ब्ल्यूटूथ संचाकडे वळला आहे. त्यावर दिशादर्शन ऐकू येते आणि सोबतच्या गाडीशी बोलता येते. स्पीकर हेल्मेटच्या कानाजवळील मूळ खळग्यातच बसवले जातात. त्यासाठी आतील थर्मोकोल कोरल्यास हेल्मेटचे संरक्षण कमी होते.

गाडीवरच्या स्पीकरमध्ये इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येणे ही नित्याची तक्रार आहे. ॲम्प्लिफायर आणि मोबाइल चार्जर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ केल्यास दोन बिंदूंमधील दाबाचा फरक ध्वनिमार्गात शिरतो. सर्व अर्थ बॅटरीच्या ऋण टोकावर एकत्र आणल्यास शिट्टी बहुधा थांबते. ध्वनीच्या वायरी प्लगच्या वायरीपासून दूर नेणे हाही त्याच उपायाचा भाग आहे.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. निवासी भागात रात्री हॉर्न वाजवण्यासही मनाई आहे. मुंबई वाहतूक पोलिसांनी २०२० च्या जानेवारीअखेर प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही सिग्नलांवर ध्वनिमापक बसवले होते. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दिव्यांचा तपशील नोंदणी प्रमाणपत्रात नसतो, म्हणून ते मोकळे आहेत असा समज मात्र चुकीचा आहे. त्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ स्वतंत्रपणे लागू होतात. दिव्याचा झोत खाली वळलेला असावा आणि ८ मीटर अंतरावरील, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना तो दिपवू नये, अशी त्यात अट आहे. पुढे लाल दिवा दाखवणे, नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीविना शोधझोत लावणे आणि अनेक सुरांचा किंवा कर्कश हॉर्न बसवणे यांनाही मनाई आहे. उपनगरांतील गाड्यांची नोंदणी अंधेरी (एमएच ०२), वडाळा (एमएच ०३) आणि बोरिवली (एमएच ४७) येथील परिवहन कार्यालयांत होते. घाटकोपर आणि मुलुंड ही वडाळ्याच्या हद्दीत येतात.

कारवाई झाली नाही तरी आर्थिक जोखीम उरते. मूळ वायरिंग कापलेले आढळल्यास उत्पादक विद्युत भागांवरील हमी नाकारू शकतो. विम्यात जादा विद्युत उपकरणे स्वतंत्रपणे जाहीर करून त्यांचा वाढीव हप्ता भरावा लागतो, अन्यथा त्यांची भरपाई मिळत नाही. वायरिंगमधून लागलेल्या आगीत सर्वेक्षक पहिल्यांदा फ्यूजविना बॅटरीला जोडलेली वायर शोधतो. या कारणांनी जाणकार हौशी कंपनीची एकही वायर न कापता, कपलरमधून जोडली जाणारी आणि गाडी विकताना पूर्ण काढून घेता येणारी वेगळी जुडी बनवतात. तिचा आराखडा कागदावर काढून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत सीटखाली ठेवण्याचीही रीत आहे, कारण रात्री दोन वाजता कसाऱ्याच्या ढाब्यावर वायर शोधणारा माणूस ती बसवणाराच असेल असे नसते.